सबनीसांचे दोन हात

बाणेरच्या गेम कंपनीचे मालक जयवंत सबनीस यांना सतत नव्या कल्पना सुचत, आणि त्या निस्तरताना इतरांचा जीव जाई. त्यांच्या बंदूकबाजीच्या खेळात आधी खेळणाऱ्याला आपला सैनिक पाठीमागून अख्खा दिसे. आता म्हणे सगळं सैनिकाच्याच डोळ्यांनी दिसणार, म्हणजे समोर फक्त बंदूक आणि दोन हात.

"हात काय, कोणीही काढेल," सबनीस भर मीटिंगमध्ये म्हणाले. "मग मृण्मयीबाई, चित्रकार हवीच कशाला?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. नोकरी जाणार, हे खेळातला सैनिक काढणाऱ्या मृण्मयी टिळवेला कळलं. पण त्यांच्या कल्पना निस्तरून निस्तरून घाबरायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"सर, हा खेळ एकट्याने खेळायचा का?"

"छे! पन्नास जण एकमेकांवर गोळ्या झाडणार."

"मग प्रत्येकाला बाकीचे एकोणपन्नास अख्खे दिसणारच ना? त्या खुर्चीतून तुम्हालाही स्वतःचे हातच दिसतात, सर. अख्खे तुम्ही आम्हाला रोज दिसता."

कोणीतरी हसू दाबत खोकलं. सबनीसांनी टेबलावरचे हात हळूच खाली घेतले.

"राहू दे सैनिक," ते पुटपुटले.

मृण्मयी जागेवर गेली आणि कालच त्यांच्या हुकमावरून पुसलेला सैनिक पहिल्यापासून काढायला बसली.