पाळकासाठी कोण मागतं?

“…पण मेलेल्या मंडळीत जीव आणायचा कसा, बाबा?”

सिलासनं पुन्हा तेच विचारलं.

लूकसबाबा ओसरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. वयानं हात थरथरायचा. एखादा दाणा सुपात पडायचा, एखादा खाली.

“मेली, हे कुणी सांगितलं तुला?”

“मी रोज बघतोय की.”

खाली पडलेला दाणा बाबांनी फुंकून सुपात टाकला.

रेव्हरंड सिलास उजागरे हा वांजुळगावच्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक, म्हणजे पाद्री. वय तरुण, आवाज खणखणीत. धर्मशिक्षणाच्या सेमिनरीत उपदेशाचं पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं होतं, आणि ते तो विसरला नव्हता. लग्न अजून व्हायचं होतं. देवळामागच्या पाळकघरात एकटाच राहायचा. वांजुळगावची ख्रिस्ती माणसं आपल्या चर्चला देऊळच म्हणत. दगडी भिंती, कौलांचं छप्पर, दारात जुनी घंटा.

लूकसबाबा त्याचे गुरू. त्यांनीच त्याला लहानपणी बाप्तिस्मा दिला, त्यांनीच पुढं सेमिनरीत धाडलं. आता निवृत्त होऊन सोनवडीत राहत होते.

सिलास आला होता तो घाबरून. वरिष्ठांचा निरोप आला होता : ईस्टरपर्यंत मंडळी सावरली नाही, तर ती तालुक्याच्या मंडळीत मिळवायची आणि वांजुळगावच्या देवळाला कुलूप घालायचं.

“काय काय केलंस?” बाबांनी विचारलं.

हा प्रश्न सिलासला आवडला. तो सरसावून बसला.

“सगळं केलं, बाबा. नवा माईक आणला. तरुण संघ सुरू केला. मंडळीची मूल्यं ठरवली. प्रीती, ऐक्य, सेवा. पेंटर बोलावून भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतली.”

“मग भिंत सुधारली का?”

सिलास ओशाळला. “तुम्ही थट्टा करता.”

“करतो थोडी. पुढं सांग.”

“पुढं काय… दोन तट आहेत. म्हातारी माणसं पेटी सोडत नाहीत, पोरं कीबोर्ड सोडत नाहीत. सालोमीबाई एकीकडं, जोएल दुसरीकडं. नाताळात गीत कुणी सुरू करायचं यावरून भर उपासनेत भांडले. तेव्हापासून एकमेकांना सलामसुद्धा करत नाहीत. अर्धे बाक रिकामे. जे येतात ते शेवटच्या आमेनला चपला शोधायला लागतात.”

“आणि तू?”

“मी समजावतो. ऐक्यावर उपदेश करतो. आजाऱ्यांकडं जातो, भांडणं सोडवतो, घंटासुद्धा मीच वाजवतो. आणखी काय करू?”

“दमलास?”

“नाही, नाही. दमायला वेळ कुठाय?”

बाबांनी सूप बाजूला सारलं.

“माझ्यासाठी प्रार्थना कर.”

सिलास गोंधळला. मग त्यानं डोळे मिटले. शब्द त्याला शोधावे लागत नसत. बाबांचे गुडघे, बाबांची नजर, बाबांचं एकटेपण… काही सुटलं नाही. आवाज कुठं चढवायचा, कुठं उतरवायचा, सगळं जागच्या जागी झालं.

“आमेन,” बाबा म्हणाले. “छान करतोस रे.”

सिलासचा चेहरा खुलला.

“आता मी तुझ्यासाठी करतो. काय मागू?”

“मंडळीसाठी मागा, बाबा.”

“मंडळीसाठी नाही. सिलाससाठी.”

“माझं काय… माझं बरं चाललंय.”

बाबांनी त्याच्या डोक्याकडं नेलेला हात परत मांडीवर ठेवला.

“मग राहू दे.”

अंगणात एक कोंबडी माती उकरत होती.

“रागावलात?”

“नाही रे. ज्याला काहीच नको, त्याच्यासाठी देवाला उगीच कशाला त्रास द्यायचा?”

बाबांनी पुन्हा सूप ओढलं. एक शेंग उचलली. सोलली.

सिलास त्यांच्या बोटांकडं बघत राहिला. का ते त्याचं त्यालाच कळेना.

“आई गेली, बाबा.”

शेंग बाबांच्या हातातच राहिली.

“कधी?”

“नाताळ झाल्यावर. ताईकडं होती, जालन्याला. फोन आला तसा निघालो. मी पोचलो तेव्हा फक्त माती द्यायची राहिली होती. सगळे माझीच वाट बघत होते.”

“मंडळीतलं कोण आलं होतं?”

“कुणी नाही. मी सांगितलंच नाही.”

“आणि त्या रविवारी?”

“परत आलो. उभा राहिलो. आनंदावर उपदेश केला…” सिलास विचित्र हसला. “चांगला झाला म्हणाले लोक.”

“का नाही सांगितलंस?”

“पाळकच मोडून पडला तर मंडळीनं कुणाकडं बघायचं? तुम्हीच सांगा. आधीच ती विसकटलेली. मला घट्ट राहणं भाग होतं.”

बाबा सरकत सरकत त्याच्याजवळ आले आणि आपला थरथरता हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

सिलास वाट बघत राहिला, बाबा आता प्रार्थना सुरू करतील म्हणून.

बाबांनी एक शब्द उच्चारला नाही.

हात तेवढा थरथरत होता… आणि सिलास रडायला लागला. जालन्याला सगळ्यांना धीर देताना जे आत दाबलं होतं, ते सगळं आता बाहेर आलं. ओसरीसमोरून लोक जातायेताना बघत होते, त्याचंही त्याला भान राहिलं नाही.

डोळे पुसून झाल्यावर त्यानं विचारलं, “आता सांगा, मंडळीचं काय करू?”

“आत्ता माझ्याकडून काय घेतलंस?”

सिलासनं आपल्या डोक्यावरून हात फिरवला.

“ते त्यांच्याकडं माग,” बाबा म्हणाले, आणि शेंगा सोलायला लागले.

वाटभर सिलास स्वतःशी भांडत आला. बाबांकडं रडणं वेगळं. बाबा बापासारखे. पण मंडळीसमोर? मंडळीचे कारभारी बेंजामिन पंच काय म्हणतील? ज्याला स्वतःचं दुःख आवरत नाही, तो देऊळ काय सांभाळणार, असं वरिष्ठांना कळवतील. त्यानं ठरवलं, नाही सांगायचं.

रविवारी तो नेहमीसारखा उभा राहिला. पेटीवाले उजवीकडं, कीबोर्डवाले डावीकडं, मध्ये रिकामे बाक. शास्त्रवाचन झालं. त्यानं नीट तयार केलेला उपदेश सुरू केला.

“प्रियजनहो…”

पुढचे शब्द आलेच नाहीत. समोर सालोमीबाई पदर सावरत होत्या. आई अशीच सावरायची, डाव्या हातानं, खांद्यावरून.

“प्रियजनहो, मला…”

माईक खरखरला. सिलासनं तो बाजूला केला.

“माझी आई वारली. नाताळानंतर. मी तुम्हाला सांगितलं नाही. मला वाटलं, पाळकानं सांगू नये.” तो थांबला. “मला एकट्याला सोसवत नाही. आज मी उपदेश करू शकत नाही. तुम्ही… माझ्यासाठी प्रार्थना कराल?”

देवळात कुणी हललं नाही.

सिलासला वाटलं, संपलं. आता हे उठतील, चपला घालतील आणि जातील.

बेंजामिन पंचांच्या हातात स्कूटरची किल्ली होती. ती त्यांनी खिशात टाकली. निघायला उभे राहिलेले पंच परत खाली बसले.

मग मागच्या बाजूनं एक बारीक आवाज आला. “नाव काय होतं आईचं?”

“रत्नमाला,” सिलास म्हणाला. किती दिवसांनी तो ते नाव उच्चारत होता.

सालोमीबाई उठल्या. गुडघ्यांवर हात देत, हळूहळू पुढं आल्या. मंडळीत त्यांची जीभ सगळ्यांत तिखट. सिलास त्यांना थोडा भ्यायचाही. त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

“इतके दिवस झाले,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्हाला कुणी कडू घाससुद्धा दिला नाही, पाळकसाहेब?”

मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी भाकरी आणतात, बळंच दोन घास खायला लावतात. तोच कडू घास. पाळकघराच्या चुलीची चौकशी मात्र कुणी केली नव्हती. कशी करणार? कुणाला ठाऊकच नव्हतं.

“आमच्या दारचे शेजारी तुम्ही,” सालोमीबाईंचा आवाज फुटला, “आणि आम्हाला तेवढंही करू दिलं नाहीत, लेकरा?”

पाळकसाहेबाचं लेकरू झालं. सिलासनं मान खाली घातली.

त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि गायला सुरुवात केली. पेटी नाही, तबला नाही. मयताच्या घरी म्हणतात ते जुनं गीत. पहिलं कडवं त्यांनी एकटीनं म्हटलं. दुसऱ्याला लागल्या आणि रडूच आलं. शब्द पुढं सरकेनात.

डावीकडून कुणीतरी ते कडवं उचललं.

जोएल होता. त्याच्या वडिलांच्या मातीला हेच गीत सालोमीबाईंनी म्हटलं होतं, त्यालाही तेव्हापासून पाठ होतं. कीबोर्ड तसाच सोडून तो गात गात पुढं आला आणि सालोमीबाईंच्या शेजारी उभा राहिला. त्यानंही हात ठेवला. सिलासच्या डोक्यावर जागा नव्हती, म्हणून खांद्यावर.

मग बाक सरकल्याचे आवाज आले…

मधली रिकामी जागा कधी भरली, हे सिलासनं पाहिलं नाही. त्याचे डोळे मिटलेले होते. कुणी मोठ्यानं प्रार्थना करत होतं, अडखळत, चुकीचे शब्द वापरत. ज्यांनी जन्मात चारचौघांत प्रार्थना केली नव्हती, ती माणसं करत होती. एका बाईनं तर देवाला बजावूनच सांगितलं, की ह्या पोराला आई नाही आता, तेव्हा तू नीट लक्ष दे.

त्या दिवशी शेवटच्या आमेननंतर कुणी चपला शोधल्या नाहीत. दुपारी पाळकघरात इतक्या घरांच्या भाकऱ्या आल्या, की ठेवायला जागा पुरेना.

सगळं एका दिवसात सुरळीत झालं, असं नाही. पुढच्याच आठवड्यात सालोमीबाई आणि जोएल पुन्हा भांडले. पण ह्या वेळी भांडून झाल्यावर त्यांनी एकमेकांना चहा विचारला. माणसं आपलं आपलं दुःख घेऊन यायला लागली. कुणाचं पोर दारूला लागलेलं, कुणाला डॉक्टरनं वाईट आजार सांगितलेला. रविवारी उपासनेत एकमेकांसाठी मागू लागली. घंटा वाजवायचं काम बेंजामिन पंचांनी स्वतःहून मागून घेतलं. मंडळी सोडून गेलेले काही परत आले, काही नाही आले.

ईस्टरला वरिष्ठांकडून एक साहेब आले. त्यांनी फार काही पाहिलं नाही. ज्या बाकावर बसले होते, तिथल्या शेजारच्या म्हातारीनं त्यांना विचारलं, “तुमच्यासाठी काय मागू, साहेब?” साहेब चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. जाताना कुलपाचा विषय त्यांनी काढला नाही, आणि पुढंही कधी कुणी काढला नाही.

सिलास सोनवडीला गेला. त्यानं सगळं सांगितलं. लूकसबाबा डोळे मिटून ऐकत होते. झोपलेत की काय, असं त्याला वाटलं.

“बाबा.”

“ऐकतोय.”

“मंडळी उभी राहिली. पण माझंच मला कळेनासं झालंय.”

“काय?”

“मी आजारी पडलो तर सालोमीबाई काढा घेऊन येतात. उपदेशात अडखळलो तर पोरं खालून शब्द सुचवतात. मी निराश झालो की जोएल ओळखतो आणि येऊन बसतो.” सिलास थोडा थांबला. “चांगलं वाटतं. पण मनात येतं, कळप राखायला मला नेमलंय. इथं तर कळपच मला राखतोय… मग मी पाळक कसला?”

बाबांनी डोळे उघडले. त्याच्याकडं बघून हसले.

“पलीकडच्या माळावर धनगर उतरतात. ऐन थंडीत कधी गेलायस तिकडं?”

“नाही, बाबा.”

“जाऊन ये. उबेला मेंढरांच्या मधोमध झोपतो धनगर.”