जड विमानाची राखण

“…पण त्यानं हाक मारायला नको का, बुवा?”

मठाच्या ओट्यावर बुवा शेंगा फोडत बसले होते. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि टरफल बाजूला ठेवलं.

“एक हाक. ‘मिहीर, मागं ये.’ एवढं म्हणाला असता तर मी हातातलं सगळं सोडून आलो असतो. त्याच्या कानाला हेडफोन होता, माझ्याही होता. तोंड उघडायला काय जात होतं त्याचं?”

“खरंय,” बुवा म्हणाले. “शेंगा घे.”

मिहीरनं शेंगा घेतल्या नाहीत. तो पुण्याहून मोटारसायकल हाणत संगमनेरजवळच्या या टेकडीवर आला होता. बुवांच्या पाया पडायला नव्हे, तर तौफिकची तक्रार घेऊन.

तौफिक म्हणजे त्याचा शाळेपासूनचा मित्र. दोघं एका बाकावर वाढले. पुढं मिहीर नोकरीला पुण्यात गेला आणि तौफिक संगमनेरातच वडिलांच्या शिलाई मशीनच्या दुकानात बसला. मग भेटी कुठल्या व्हायला? एकच भेट उरली. रोज दिवेलागणीला दोघं आपापल्या घरी कॉम्प्युटरवर बसायचे आणि विमानांच्या लढाईचा खेळ खेळायचे. खेळता खेळता नोकरीचं, दुकानाचं, आईच्या गुडघ्याचं, सगळं बोलणं व्हायचं.

त्या खेळात तौफिककडे बॉम्बर असायचं. चार इंजिनांचं धूड ते. सावकाश चढायचं, सावकाश वळायचं, लांबचा एखादा पूल गाठायचा, त्याच्यावर बॉम्ब टाकायचे आणि तसंच सावकाश परत यायचं. त्याच्या राखणीला चपळ फायटर घेऊन मिहीर.

पण राखणीत मिहीरचं मन कुठलं रमायला? शत्रूचं विमान दिसलं रे दिसलं की हा त्याच्या मागं. एक पाडलं की दुसऱ्याच्या मागं. डाव संपायचा तेव्हा सर्वांत जास्त विमानं पाडणारा म्हणून मिहीरचं नाव सगळ्यात वर झळकायचं, आणि तौफिक कुठल्यातरी शेतात जळत पडलेला असायचा.

असं पुष्कळदा झालं. एके दिवशी तौफिक काही न बोलता खेळातून उठला आणि पुन्हा मिहीरबरोबर बसला नाही. आता तो रोज टेकडीवरच्या बुवांबरोबर उडतो, असं मिहीरच्या कानावर आलं.

आता तुम्ही म्हणाल, बुवा आणि विमान? तर त्याचं असं झालं. एका भक्तानं आपल्या जावयाला दोन कॉम्प्युटरसकट मठात आणून सोडलं होतं. जावयाला या खेळाचं वेड, तेवढी त्याची खोड मोडा, असं सासऱ्याचं म्हणणं. बुवा म्हणाले, आधी खोड कसली आहे ते तरी बघू. बसले. जावई थोड्याच दिवसांत कंटाळला, कॉम्प्युटर तिथंच टाकून घरी गेला, संसाराला लागला. बुवा अजून बसलेले आहेत.

त्यांनाही बॉम्बरच आवडतं. मठातला माणूस बॉम्ब कसा टाकतो, असं कुणी छेडलंच तर म्हणतात, “पूलच पाडतो रे. पुढच्या डावाला तो पुन्हा उभा असतो. संसारात आहे का अशी सोय?”

तर असे हे बुवा.

“तौफिकच्या घरी गेला होतास?” त्यांनी विचारलं.

“गेलो होतो.”

“मग?”

“चहा दिला. बशीत बिस्किटं मांडून दिली. त्यानं मला जन्मात कधी बिस्किटं मांडून दिली नव्हती, बुवा. मी डब्यात हात घालून घ्यायचो. त्यानं मला पाव्हणा करून टाकलं.”

बुवा शेंग फोडायचे थांबले.

“पाऊसपाण्याचं बोलला. पुण्यात ट्रॅफिक फार झालंय का, म्हणाला…”

“हं.”

“म्हणून तुम्ही त्याला सांगा. तुमचं ऐकतो तो.”

“काय सांगू?”

“हेच. की माणसानं हाक मारावी.”

बुवांनी धोतरावरची टरफलं झाडली आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. “चल, एक डाव टाकू. तू बॉम्बर घे. राखणीला मी येतो.”

मिहीरला हसू आलं. बुवा आणि फायटर? पण आलोच आहोत इतक्या लांब, तर म्हाताऱ्याचं मन राखू, असं म्हणत तो त्यांच्यामागून आत गेला.

मठाच्या कोठीत, तांदळाच्या पोत्यांना लागून दोन कॉम्प्युटर होते. दोघं शेजारी शेजारी बसले. खेळ सुरू झाला. मिहीरचं बॉम्बर धावपट्टीवरून घरघरत निघालं आणि पट्टी संपता संपता कसंबसं वर उचललं गेलं. बुवांचं फायटर त्याच्या पंखाशी येऊन डुलू लागलं.

चढण काही संपेना. मिहीर चुळबुळ करायला लागला.

“हे विमान आहे का म्हैस?”

“म्हैसच,” बुवा म्हणाले. “दूध बरं देते.”

खाली हिरवी शेतं हळूहळू मागं सरकत होती. मिहीरनं आळस दिला. मान वळवून पाहिलं. बुवांचं फायटर शेजारीच होतं. त्याला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचं नवलही वाटलं.

लांब नदीची रेघ दिसू लागली. रेघेवर पूल.

“आता सरळ,” बुवा म्हणाले. “पूल येईतो हलायचं नाही. हललास तर बॉम्ब नदीत.”

“माहीत आहे.”

तेवढ्यात खाली, बऱ्याच अंतरावर, शत्रूचं एक विमान एकटंच चाललेलं दिसलं. बुवांनी चष्मा सारखा केला.

“अरे, हा बघ. एकटाच आहे. आलोच मी याला पाडून.”

आणि फायटर पंख मुरडून भुर्रकन खाली गेलं.

मिहीरनं स्क्रीनवर डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. कुणी नाही. नुसतं आभाळ… आणि त्या आभाळात वरच्या अंगाला एक काळा ठिपका. ठिपका मोठा होत होता.

मिहीरनं स्क्रीनवरून नजर काढून शेजारी पाहिलं. बुवा जिभेचं टोक बाहेर काढून, पोरासारखे रंगून, दुसऱ्याच कुणाचा तरी पाठलाग करत होते.

मिहीर काही बोलला नाही.

ठिपक्याला पंख फुटले. गोळ्या आल्या. पहिलं इंजिन पेटलं. मिहीरनं सवयीनं जॉयस्टिकची कांडी जोरात ओढली, पण ते धूड कसलं वळतंय? कूस बदलायला लागलं तोवर दुसरं इंजिन गेलं. बॉम्ब नदीच्याही अलीकडं, कुणाच्या तरी उसात पडले. मग पंख तुटला. हिरवी शेतं गरगरत वर आली आणि स्क्रीन काळी झाली.

“पाडला,” बुवा खूश होऊन म्हणाले. “पहिल्याच झटक्यात. अरे, तुझं काय झालं?”

“पडलो.”

“पडलास? कसा काय?”

“वरून आला एकजण.”

“मग हाक मारायचीस की,” बुवा म्हणाले. “शेजारीच तर बसलो होतो. तोंड उघडायला काय जात होतं तुझं?”

मिहीरला राग आला. कानशिलं तापली.

“हाक कशाला मारायची? तुम्ही राखणीला होता ना? दिसत होतो की मी तुम्हाला. मी काय…”

तो थांबला.

कोठीत कॉम्प्युटरच्या पंख्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. मिहीर काळ्या स्क्रीनकडं बघत राहिला.

मग त्यानं विचारलं, “बुवा, असं मी त्याला किती वेळा टाकून गेलो असेन?”

“मला काय ठाऊक? तो माझ्याजवळ तुझ्याबद्दल कधी वाईट बोलला नाही.”

हे ऐकून मात्र मिहीरला बसवेना. तो उठून बाहेर ओट्यावर गेला आणि पार ऊन उतरेपर्यंत तिथंच बसला. बुवांनी त्याला बोलावलं नाही. मध्ये एकदा चहाचा पेला मात्र शेजारी ठेवून गेले.

दिवेलागण झाली तसे बुवा सोवळं नेसून बाहेर आले.

“मला आरतीला जायचंय. तौफिक आता खेळात येईल, त्याला एकटं कसं सोडायचं? माझ्या नावानं तू बस.”

“मी? बुवा, माझा आवाज ऐकला तर तो उठून जाईल.”

“बोलायचंच नाही. मी तरी कुठं बोलतो उडताना? त्याला माहीत आहे ते.”

मिहीर घाबरतच कॉम्प्युटरपुढं बसला. बुवांचा हेडफोन कधीचा बिघडलेला होता, त्यामुळं आवाज स्पीकरवरून यायचा आणि बोलायचं ते टेबलावरच्या माइकवर. खर्र खर्र झाली आणि कितीतरी दिवसांनी तो आवाज कानावर पडला.

“बुवा, आलात का? अरे वा, आज फायटर? काय विशेष?”

मिहीरनं ओठ घट्ट मिटले.

“चला. पुलावर जाऊ.”

तौफिकचं बॉम्बर उडालं. मिहीरचं फायटर त्याच्यापेक्षा कितीतरी वेगवान. सरळ गेलं तर पुढं निघून जाणार. मग तो बॉम्बरच्या डोक्यावरून पुढं जायचा, सवयीनं डावीकडनं वळून मागं यायचा, पुन्हा वळायचा. सारख्या घिरट्या. पापणी लवायची सोय नाही. राखण म्हणतात ती एवढ्या मेहनतीची असते, हे एवढी वर्षं खेळून त्याच्या गावी नव्हतं.

शत्रूचे दोघे आले. मिहीर त्यांच्या अंगावर गेला. एकाला त्याच्या गोळ्या लागल्या आणि तो धूर सोडत खाली पळाला. आता नुसतं मागं जायचं, एकदा बटण दाबायचं, की तो पडलाच. हाताला सवय होती. फायटरचं नाक आपोआप खाली झुकलंसुद्धा.

मिहीरनं बॉम्बरकडं पाहिलं. चाललं होतं बिचारं. सरळ.

त्यानं नाक वर उचललं. धूर सोडणारा गेला निघून. दुसरा बॉम्बरच्या शेपटीशी पोचलाच होता. मिहीर दोघांच्या मधे घुसला, चार गोळ्या स्वतःच्या पंखावर घेतल्या आणि त्याला हुसकावून लावलं. पाठलाग केला नाही. परत बॉम्बरशेजारी आला.

खाली पूल आला. बॉम्ब सुटले. पूल मधोमध मोडून नदीत बसला.

“पडला, बुवा,” तौफिकचा आवाज आला. “बघितलात?”

मिहीरला गलबलून आलं. त्यानं तौफिकला पूल पाडताना कधी पाहिलंच नव्हतं. त्या वेळी तो नेहमी दुसरीकडंच असायचा.

परतीची वाट लांब होती. तौफिक मग आपणहून बोलू लागला.

“तो घरी आला होता, बुवा. मिहीर. इतक्या लांबून आला आणि मी त्याला ट्रॅफिकचं विचारत बसलो. तो गेल्यावर आई म्हणाली, भांडायचं तरी होतंस…”

मिहीरचं फायटर जरासं डगमगलं. त्यानं सावरून घेतलं आणि पुन्हा बॉम्बरभोवती वळण घेतलं.

मागं दारात चाहूल लागली. आरती आटोपून बुवा हातात ताट घेऊन उभे होते. ताटातली निरांजनं अजून जळत होती.

दोन्ही विमानं धावपट्टीवर उतरली. आधी बॉम्बर, मग पंखाला भोकं पडलेलं फायटर. डाव संपला. बुवांच्या नावापुढं पाडलेलं एकही विमान नव्हतं.

स्पीकरवर काहीच आवाज येईना. मिहीरला वाटलं, तौफिक गेला. मग खर्र झाली.

“बुवा, एक विचारू? तुम्ही नेहमी उजव्या अंगानं वळता. आज सगळा वेळ डावीकडनं येत होतात.”

मिहीर स्पीकरकडं बघू लागला.

“डावीकडनं येणारा मला एकच माहीत आहे…” तौफिक म्हणाला. आणि जरा थांबून, अगदी हळू, “मिहीर?”

मिहीरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. त्यानं केविलवाणं होऊन मागं बुवांकडं पाहिलं.

बुवांनी ताट पुढं केलं. निरांजनावरून फिरवलेला हात मिहीरच्या डोक्यावरून फिरवला.

“माझ्याकडं काय बघतोस? नाव दिलं तुला माझं. आता आवाजही मीच द्यायचा का?”