शिवेवरची कर्णिका

‘शीव’ म्हणजे दोन वस्त्यांची हद्द. पण तिला भिंत समजू नये. अलीकडची माती आणि पलीकडची माती एकच असते, बदलते ते केवळ ओळींचे वळण.

त्या राज्यात प्रत्येकाला चार हात होते आणि एकही हात मोकळा ठेवायचा नाही, असा नियम होता. चारी बाजूंच्या शेजाऱ्यांचे हात धरून सारे ओळीने उभे असत. ओळींमधून धावक जात; ते पोहोचत राहिले तरच राज्याच्या टोकाचा दिवा तेवे.

पूर्वेच्या ओळी सरळ होत्या, पश्चिमेच्या किंचित कललेल्या. जिथे त्या भिडत, तिथे कर्णिका उभी होती. तिचे तीन हात शेजाऱ्यांनी धरले होते. चौथ्यासाठी कोणी उरले नव्हते. म्हणून समोर येईल त्या धावकाला ती धरी, आणि त्याला अडकलेला पाहून मागचे दुरूनच परतत.

“बाई, सोड की आता,” एक धावक म्हणाला. “तिकडे दिवा मिणमिणतोय.”

“आणि मी हात मोकळा ठेवू? तुमच्यात मोडत असतील नियम.”

“धावक चोरणाऱ्यांना नियम बरे पाठ असतात.”

तिने पकड आणखी आवळली. धरून धरून तो हात केव्हाच बधिर झाला होता.

मग वडीलधाऱ्यांचा हुकूम ओळीओळीने शिवेपर्यंत आला: दिवा विझत चाललाय, राज्याला आच द्यायची. ओळी वितळतील, नव्याने जुळतील, शीव उरणार नाही. शिवेवरच्यांचे काय, हे हुकुमात नव्हते. कर्णिकेने तो शांतपणे ऐकला. भीती वाटायला हवी, एवढे तिला कळले.

आच पेटण्याआधी फटींतून एक चिमुकला परका सरपटत आला. त्याला एकच हात होता.

“इथे जागा आहे का हो?”

“जागा नाही. हात आहे, तोही गुंतलेला.”

“मला तेवढाच पुरतो,” म्हणत त्याने तो घट्ट धरला. ओढाताणीत धावक निसटला. त्यामागून दुसरे गेले, दिवा उजळला, आचेचा हुकूम मागे घेतला गेला.

पुढे ही कथा सांगणारे म्हणतात, शीव पुसली गेली आणि कर्णिकेने उदार मनाने वाट दिली. तसे घडले नाही. ओळी अजून कललेल्याच आहेत. पुढचा धावक जवळून गेला तेव्हा तिने सवयीने हात उचलू पाहिला. तो उठला नाही. त्याच्या टोकाला तो चिमुकला लोंबकळत झोपला होता.