सातवी मात्रा

एकदा एक गायिका आपल्या वृद्ध गुरूंच्या पडवीत तणतणत आली आणि चपला काढण्याआधीच म्हणाली, "नाना, आळीतल्या बायकांना आता तुम्हीच समजवा. मी हात टेकले."

गुरू सुपात तीळ पाखडत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारले, "चपला घालूनच समजवायचं का?"

तिने चपला काढल्या. राग मात्र पायातच राहिला असावा, कारण ती बसली नाही, येरझारा घालू लागली.

अलिबागकडच्या एका गावात बेने इस्रायल, म्हणजे मराठी यहुदी लोकांची एक जुनी आळी आहे, तिथली ही गोष्ट. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस. त्या दिवशी घाणा बंद म्हणजे बंद. म्हणून सारा मुलूख त्यांना 'शनवार तेली' म्हणे. आता घाणे गेले, आणि आळीतली बहुतेक घरेही इस्रायलला किंवा मुंबई-ठाण्याला गेली. मागे उरली नऊ घरे, एक सिनेगॉग आणि त्यात पन्नास वर्षे प्रार्थना म्हणणारे हसाजीनाना. गायिकेचे नाव मिल्का. लहानपणी तिने नानांच्या पायाशी बसून प्रार्थनेच्या चाली घोकल्या होत्या. पुढे ती मुंबईत रीतसर गाणे शिकली, नाव कमावले, आणि चौतिसाव्या वर्षी तिच्या मनाने घेतले की आपल्या आळीत गाणे पुन्हा दुमदुमले पाहिजे.

आणि दुमदुमले, हो! सिनेगॉगच्या अंगणात तिने सहा रविवारांची मैफल मांडली. पहिल्या रविवारी हिब्रू स्तोत्रे झाली, दुसऱ्या रविवारी पूर्वजांचे मराठी कीर्तन. तिसऱ्या रविवारी बगदादी यहुदी घराण्यांतली गाणी, चौथ्या रविवारी कोचीनच्या यहुदी बायकांची. पाचव्या रविवारी तेल अवीवची आजची गाणी गिटारवर वाजली तेव्हा शेजारच्या कोळीवाड्यातली पोरे अंगणात नाचली. पहिल्या दिवशी चाळीस माणसे होती, पाचव्या दिवशी खुर्च्या पुरल्या नाहीत. सहावा रविवार मिल्काने स्वतःच्या आळीसाठी राखून ठेवला होता. त्या दिवशी घाण्याचे गाणे व्हायचे होते. ते जगात फक्त याच आळीत होते, आणि आळीतही फक्त सात म्हाताऱ्यांच्या गळ्यात. मुंबईहून दोन बस भरून माणसे यायची होती. इस्रायलमधल्या अश्दोदहून तीन कुटुंबे विमानाची तिकिटे काढून निघाली होती. आणि गुरुवारी दुपारी, तालमीतून, त्या साती जणी उठून घरी गेल्या.

"काय झालं?" नानांनी विचारले.

"काही नाही झालं! गाणं सहा मात्रांचं आहे, सरळ दादरा. मी छान बसवलंय, मागे व्हायोलिन आहे, निस्सीमचा ड्रम आहे. पण या बायका दर ओळीनंतर एक मात्रा थांबतात. वाद्यं पुढे, या मागे. निस्सीम बिचारा म्हणाला, 'आजी, मधेच का थांबता?' तर रिबकामावशी म्हणते, 'आम्ही थांबत नाही रे, थांबा येतो.' आता याला काय करायचं?"

"मग?"

मिल्का जरा घुटमळली. "मग मी वहीत खूण करून ठेवली होती, माझ्यापुरती. 'येथे म्हाताऱ्यांना दम लागतो. दुरुस्त करणे.' ती वही मावशीच्या हाती लागली."

नाना पहिल्यांदा हसले. "रिबका सातवी शिकलेली आहे. तुला वाटलं, चष्मा नुसता शोभेला लावते?"

"नाना, थट्टा नको. तीन दिवसांवर रविवार आला. त्या आल्या नाहीत तर मी एकटी गाईन, पण मग ते माझं गाणं होईल, आळीचं नाही. आणि त्या आल्या आणि तशाच थांबत राहिल्या, तर तीनशे माणसांसमोर हसं होईल. त्यांचं हसं झालेलं मला बघवणार नाही." एवढे बोलून ती पहिल्यांदा खाली बसली. खरा राग असतो ना, त्याच्या तळाशी बहुधा हेच असते.

नाना उठले. "चल मागच्या दारी. सूप घे."

मागच्या अंगणात नानांच्या वडिलांचा घाणा होता. विकला गेला नाही, कारण फुकट न्यायलाही कोणी आले नाही. जमिनीत पुरलेले भले थोरले दगडी उखळ, त्यात उभी लाकडी लाट, आणि लाटेला जोडलेला आडवा दांडा, ज्याला बैल जुंपत. उखळ स्वच्छ धुऊन पुसलेले दिसले. मिल्काच्या लक्षात आले, म्हातारा तयारीत होता. रिबकामावशी तिच्याआधीच येऊन रडून गेली होती.

नानांनी तीळ उखळात ओतले. स्वतः काठाशी फतकल मारून बसले आणि म्हणाले, "दांडा ढकल."

"मी?"

"बैल अश्दोदला गेला."

मिल्काने पदर खोचला. दांडा जड होता, पण हलला.

"आता गा. तुझ्या वहीत आहे तसं. थांबायचं नाही."

ती ढकलू लागली आणि गाऊ लागली.

फिर रे बैला, घाणा फिरव,
तिळातलं तेल येऊ दे दिव्याला,
दिव्यातला उजेड येऊ दे दाराला.

सहा पावलांत एक फेरा होई आणि सहा मात्रांत एक ओळ. गाणे कसे सुरेख बसले! मिल्काच्या चेहऱ्यावर 'बघा, मी सांगत नव्हते का?' असे भाव आले. तीन फेरे झाले, चार झाले. मग लाटेखालचे तीळ दबून दबून उखळाच्या भिंतीवर चढले, काठावरून बाहेर सांडू लागले. लाट नुसती दगडावर खरडू लागली. तेलाचा टिपूस नाही.

"तीळ वर आले," नाना म्हणाले. "आता मी ते खाली लोटतो. तू चालू दे." आणि त्यांनी खरोखरच आपला सुरकुतलेला उजवा हात कोपरापर्यंत उखळात घातला.

"नाना! हात काढा!"

"तू गा."

"अहो, चिरडेल!"

"तुझी चाल बरोबर आहे ना? मग गा. थांबू नकोस."

तुम्ही असतात तर काय केले असतेत? मिल्काने ओळ उचलली, कारण गुरूंचा शब्द मोडायची तिला सवय नव्हती. पाचव्या मात्रेला तिने दांडा जेमतेम ढकलला. सहाव्या मात्रेला ओळ संपली, लाट नानांच्या हाताजवळ आली, आणि मिल्का जागच्या जागी थिजली. दांडा छातीशी घट्ट धरून उभी राहिली. नानांनी सावकाश तीळ खाली लोटले, हात बाहेर काढला, पंच्याला पुसला.

"का थांबलीस?"

"तुमचा हात होता आत!"

"असं होय," नाना म्हणाले. "मला वाटलं, दम लागला."

मिल्का तिथेच मातीत बसली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. नानांनी तिला रडू दिले. मग म्हणाले, "बाबा बैलामागे चालायचे. आई इथे बसायची, मी बसलोय तिथे. सहा पावलं झाली की बैल थांबायचा, आईचा हात आत जायचा. तो बाहेर आला हे बाबांना दिसायचं नाही, ते पलीकडे असायचे. म्हणून हात बाहेर काढला की आई स्वतः पुढच्या ओळीचा पहिला शब्द उचलायची. तो शब्द ऐकू आल्याशिवाय बाबांनी बैल कधी हाकला नाही. घरोघर तसंच होतं. तू त्यांना दम लागतो म्हणतेस. अगं, या बायकांनी त्या एका मात्रेत आपल्या आयांची बोटं जपून ठेवलीत. त्यांना कारण ठाऊक नसेल, घाणे बंद पडले तेव्हा त्या परकरात होत्या. पण थांबायचं असतं हे गळ्याला ठाऊक आहे."

"आणि मला शिकवताना तुम्ही हे कधी सांगितलं नाही."

"तू कधी तीळ आणले नाहीस."

मग मिल्काने विचारले, "नाना, सहा आणि मग सातवी रिकामी. शब्बाथसुद्धा असाच ना?"

"मी एकदा प्रवचनात तसंच सांगितलं होतं. छान रंगलं. घरी आल्यावर आई म्हणाली, 'हसाजी, देवाचं देवाला ठाऊक, मला माझी बोटं हवी होती.'" नाना गालातल्या गालात हसले. "बरीच वर्षं मला वाटायचं, आईला प्रवचन कळलं नाही. आता वाटतं, तिला जास्त कळलं होतं. आपण थांबतो तेव्हा कुणाचा तरी हात सुखरूप बाहेर येतो. शब्बाथला दुसरं काय करतो आपण? बैलालाही सुट्टी असायची त्या दिवशी."

शुक्रवारी सकाळी मिल्का रिबकामावशीच्या दारात उभी राहिली. मावशी शब्बाथच्या स्वयंपाकात होती, नारळ खवत होती. तिने बघितले न बघितल्यासारखे केले.

"मावशी, माझं चुकलं."

"चुकेल कसं? शिकलेली तू. आम्हाला आपला दम लागतो."

"मावशी."

"पायऱ्या चढून आलीस, पाणी पी. तुलाही लागला असेल."

मिल्काने टोमणा ऐकून घेतला, पाणीही पिऊन टाकले. मग जवळ बसून घाण्याची हकीकत सांगितली. मावशीचा खवणीवरचा हात थांबला. तिने नारळाची कवड खाली ठेवली. "माझी आई गाताना हात असा करायची," ती म्हणाली आणि तिने हात पुढे नेऊन मागे घेतला. "घाणा गेला, तरी करायची. पोळ्या लाटतानासुद्धा. आम्ही हसायचो गं तिला. वेडी आहे म्हणायचो." तिने पदराने डोळे पुसले. लगेच दटावून म्हणाली, "पण पहिला शब्द आम्ही उचलणार. तो तुझा व्हायोलिनवाला मधे कडमडला तर बघ."

रविवार उजाडला. पाच वाजता अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर पोरे बसली होती. व्यासपीठावर सात जणी हिरव्या साड्या नेसून बसल्या होत्या, आणि उखळाशी बसावी तशी मधोमध रिबकामावशी. निस्सीमला मिल्काने एवढेच सांगितले होते की सहा वाजव आणि सातवीला दोन्ही काठ्या वर धर. तो बिचारा कुरकुरला होता, "ताई, लोकांना वाटेल माझं विसरलं." त्यावर ती म्हणाली होती, "वाटू दे."

पहिली ओळ झाली आणि सगळे एकदम बंद. ध्वनिक्षेपकवाला घाबरून वायरीकडे धावला. कोणीतरी हसले. तेवढ्यात मावशीने हात पुढे नेला, मागे घेतला आणि खणखणीत आवाजात पुढचा शब्द उचलला. "तिळातलं!" आणि सारी वाद्ये तिच्या मागून उसळली.

दुसऱ्या थांब्याला हसू ऐकू आले नाही. तिसऱ्या थांब्याला अश्दोदहून आलेली एक म्हातारी खुर्चीतून उभी राहिली. तिचाही हात आपोआप पुढे जाऊन मागे आला, आणि ती स्वतःच्याच हाताकडे बघत हुंदके देऊ लागली. मग इथे एक हात, तिथे एक हात. लोक गायला लागले. कोळीवाड्यातले गायला लागले, बसचे ड्रायव्हर गायला लागले. तीनशे माणसे एका आवाजात सहा मात्रा गात, आणि सातवीला असे थांबत की भिंतीपलीकडच्या माडांची सळसळ ऐकू येई. त्या शांततेत एकानेही टाळी वाजवली नाही. सगळे वाट बघत. आणि ऐंशीच्या घरातल्या सात बायका त्या अंगणाला पुढची ओळ देत.

दारातल्या पाहुण्या, बस रे जेवायला!

गाणे चार वेळा म्हणावे लागले. चौथ्या वेळी निस्सीम काठ्या वर धरून रडत होता आणि हसतही होता. टाळ्या थांबेचनात. मावशी उठली आणि तिने मिल्काला ओढून व्यासपीठाच्या कडेपर्यंत आणले. मिल्काने गर्दीत नानांना शोधले. ते सगळ्यात मागे, सिनेगॉगच्या पायरीवर उभे होते. त्यांनी आपला उजवा हात उंच धरला आणि पाचही बोटे पसरून तिला दाखवली.

मी ही गोष्ट सांगतो तेव्हा कोणीतरी विचारतेच, तात्पर्य काय? तात्पर्य एवढेच की जुन्या माणसाची चूक दुरुस्त करण्याआधी एकदा तिथे हात घालून बघावा.

मंडप उतरत असताना मिल्काने ती वही रिबकामावशीपुढे ठेवली आणि हातात पेन दिले. मावशीने चष्मा पुसून नाकावर ठेवला. मिल्काने लिहिलेल्या ओळीवर एक आडवी रेघ मारली आणि खाली, सातवी शिकलेल्या गोल अक्षरात, लिहिले, "येथे थांबणे. आईचा हात आत आहे."