नळीचं माप

"मग माझ्या भावाचीच सायकल का नको?" मी विचारलं.

दस्तगीर उस्तादांनी मला खालून वर बघितलं. सत्तरी ओलांडलेला माणूस. सगळा जन्म सर्कशीत गेला, आता तासगावजवळच्या आपल्या शेडमध्ये एकचाकी सायकली बनवतात आणि कुणी आलं तर शिकवतात.

भिंतीला चार-पाच सायकली टेकून उभ्या होत्या. त्यातली सगळ्यात उंच, माझ्या डोक्याच्याही वर जाणारी, ती माझ्या भावाची. सर्जेरावदादाची. मीच इथे आणून ठेवलेली.

दादा जाऊन चार महिने झाले होते. बारा वर्षं त्या उंच सायकलीवर खेळ केला, एकदाही पडला नाही. रस्त्याच्या कडेला चहा पीत उभा होता, तिथे ट्रक आला.

दरवर्षी बिरोबाच्या जत्रेत तो त्याच सायकलीवरून देवळाला फेरी घालायचा. यंदा फेरी बंद ठेवू, असं पंच म्हणाले. मी उठलो आणि म्हणालो, "मी घालतो." आई माझ्याकडे बघतच राहिली.

मी तोवर एका चाकावर बसलोही नव्हतो. जत्रा दोन महिन्यांवर होती.

"दादा वर बसायचा," मी उस्तादांना म्हणालो. "मला पण वरच बसायचंय."

"चढशील?"

"चढेन."

"आणि उतरशील कसा?"

मी वर सीटकडे बघितलं.

"पहिली सायकल चढायला घ्यायची नसते, भैरू. पडायला घ्यायची. जिच्यावरून पडलास तर दोन्ही पाय जमिनीला लागतील, ती तुझी."

कोपऱ्यातून त्यांनी एक सायकल बाहेर ओढली. छोटी. चाक वीस इंची, टायर जाड.

"ही तर पोराटोरांची आहे," मी म्हणालो. "लोक हसतील."

"तुला फेरी देवळाला घालायची आहे का लोकांना?"

मी सायकल हातात घेतली. पायडल प्लास्टिकचे होते. लोखंडी का नाहीत, म्हणून विचारलं, तर उस्तादांनी लेंगा वर केला. नडगीवर पांढरे व्रण, एकाला एक लागून.

"हे सगळे लोखंडी पायडलचे," ते म्हणाले. "आणखी काही शंका?"

"सीट कुठे आहे हिची?"

"सीट आहे. नळी नाही. ती तुझी तू कापायची."

बाजारच्या सायकलीला सीटखालची नळी वरखाली सरकवता येते. उस्तादांच्या सायकलीला ती सोय नाही. नळी तळाला टेकते आणि वरून बोल्ट बसतो. ज्याचा पाय, त्याची नळी.

त्यांनी एक लांब नळी माझ्या हातात दिली आणि लोखंड कापायची करवत पुढे ठेवली.

"पायडल खाली, टाच पायडलवर, पाय सरळ. तिथे सीट आली पाहिजे. जवळ उभा राहिलास तर बेंबीशी येते. घाई करू नको. कापलेली नळी वाढत नाही."

एवढं सांगून ते दारात जाऊन बसले.

भिंतीवर खिळ्यांना अशाच छोट्या सायकलींच्या जुन्या नळ्या टांगलेल्या होत्या. प्रत्येकीवर रंगानं नाव. मी चौथीत शाळा सोडली, पण दादाचं नाव मला वाचता येतं.

मी ती नळी खाली काढली. नव्या नळीशेजारी धरली, खडूनं खूण केली आणि करवत लावली.

अर्धी कापून झाली तेव्हा उस्ताद दारातून म्हणाले, "कुणाचं माप ते?"

"दादाचं."

"तुझ्यापेक्षा उंच होता?"

"कितीतरी."

करवत चालू राहिली.

नळी बसवली. बोल्ट आवळला. भिंत धरून मी सीटवर बसलो.

गुडघे छातीला लागले.

"पाय सरळ कर," उस्ताद म्हणाले.

होईना.

मी तसाच बसून राहिलो, बेडकासारखा. भिंतीवरचा हात सोडवेना.

"दादा... एवढा बुटका होता?"

उस्तादांनी करवत उचलून बाजूला ठेवली.

मी त्याला कायम मान वर करून बघितलं होतं. तो सायकलीवर, मी खाली. घरातही तो उभा आणि मी बसलेलाच आठवतो. कधी खांद्याला खांदा लावून उभे राहिलो होतो का? ते आठवेना. चार महिन्यांत रडलो नव्हतो, ते तिथे रडू आलं. मग राग आला.

मी नळी उपसली आणि अंगणात फेकून दिली.

"तुम्ही बघत होता," मी म्हणालो. "थांबवलं का नाही?"

"तू थांबला असतास?"

उस्ताद उठले. अंगणातली नळी उचलली, गळ्यातला पंचा सोडून तिच्यावरची माती पुसली. मग आत जाऊन दुसरी लांब नळी आणली.

"घे."

या वेळी मी भिंतीकडे बघितलं नाही. टाच पायडलवर ठेवली. पाय सरळ केला. उतरलो, परत चढलो, परत मोजलं. तीनदा खूण पुसली. कापायला सुरुवात केली तेव्हा ऊन शेडच्या दुसऱ्या बाजूला गेलं होतं.

सीट बरोबर बेंबीशी आली.

भिंत धरून बसलो. पाय सरळ झाला. हात सोडला. एक श्वास घेण्याएवढा वेळ मी त्या एका चाकावर होतो. मग सायकल पुढे सटकली आणि मी पडलो.

दोन्ही पाय जमिनीला लागले.

"उद्या सकाळी ये," उस्ताद म्हणाले. "जत्रेपर्यंत हीच. फेरी झाली तर हिच्यावरच होईल."

मी मान हलवली.

ते रंगाचा डबा घेऊन बसले होते. मी फेकलेल्या नळीवर त्यांनी सावकाश माझं नाव लिहिलं आणि ती दादाच्या नळीशेजारी टांगली. दोन्ही एकाच लांबीच्या.

"ती कशाला?" मी म्हणालो. "ती तर वाया गेली."

"बरोबर आलेली नळी ज्याची तो सायकलीबरोबर घेऊन जातो. इथे चुकलेल्याच राहतात."

मी भिंतीकडे बघत राहिलो. दहा-बारा नळ्या. दहा-बारा नावं.

"म्हणजे दादाची पण...?"

"हं."

"त्यानं कुणाच्या मापानं कापली होती?"

उस्तादांनी ब्रश रॉकेलमध्ये बुडवला.

"म्हणाला, घरी धाकटा आहे, अकरा वर्षांचा. ही त्याच्या मापाची. तो पण येईल शिकायला."