गोवरीमागचं पान

खूप खूप जुन्या काळची ही गोष्ट. नदीच्या अलीकडे एक गाव होतं आणि पलीकडे एक वैद्य राहायचा. गावात कुणाला ताप आला, की नदी ओलांडावी लागे. पूर असला, की काठावर वाट बघत बसावं लागे.

गावातल्या एका मुलीला ते बघवेना. ती वैद्याकडे गेली आणि खाली मान घालून म्हणाली, "मला झाडपाल्याची औषधं शिकवा."

"रिकाम्या हातानं?" वैद्य म्हणाला. "दुभती गाय आण. आणि काढ्याच्या चुलीसाठी टोपलीभर गोवऱ्या."

घरी एकच गाय होती. आई बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "ने बाई. ताकावाचून कुणी मरत नाही, औषधावाचून मरतं. हात तेवढे नीट धू, नाहीतर वैद्यबुवा नाक धरून शिकवतील."

धर्मशाळेच्या लांबलचक दगडी भिंतीवर गावातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या गोवऱ्या थापत आल्या होत्या. मुलीनं आपल्या वाळलेल्या गोवऱ्या काढल्या, टोपली भरली आणि गाय घेऊन निघाली.

वैद्यानं गाय बांधली. चुलीत घालायला गोवरी उचलली, आणि त्याचा हात तिथंच थांबला. त्यानं दुसरी उलटून पाहिली. तिसरी पाहिली.

"या कुठं थापल्यास?"

"धर्मशाळेच्या भिंतीवर. ओल्या राहिल्यात का?"

त्यानं गोवरी तिच्यापुढे धरली. एका बाजूला तिची पाच बोटं उमटली होती. दुसऱ्या बाजूला अडुळशाचं पान, आणि शेजारी खोकणाऱ्या माणसाचं चित्र.

"एका राजानं सगळी औषधं एका दगडी भिंतीवर कोरून ठेवली होती," वैद्य हळूच म्हणाला. "अक्षर न येणाऱ्यालाही फुकट शिकता यावं म्हणून. माझे गुरू ती भिंत शोधता शोधता म्हातारे झाले."

मुलीनं ती गोवरी हातात घेतली. रोज भाकरी भाजताना, गोवरी उलटून न बघता, आपण किती पानं चुलीत घातली असतील? ज्यासाठी ती घरची गाय द्यायला निघाली होती, ते तिनंच रोज दोन्ही हातांनी झाकलं होतं.

वैद्यानं गायीचं दावं सोडून तिच्या हाती दिलं. "चल. त्यातलं अर्धं मलाही येत नसेल."

गावानं भिंत धुतली. शेणाचं पाणी ओघळत गेलं, तसतशी एकेक वेल दगडावर दिसू लागली. आई म्हणाली, "आणि आपण पुरात काठावर बसून रडायचो."

पुढे मुलगी आणि वैद्य त्याच भिंतीपुढे शेजारी शेजारी बसून शिकले. गाय घरीच राहिली.

म्हणून, शिकण्यासाठी घरातलं काही देऊन टाकण्याआधी, सर्वांसाठी मोकळं ठेवलेलं ज्ञान आपल्याच हातांनी झाकलेलं नाही ना, हे पाहावं.