नावाचा रकाना

त्या राज्यात वस्त्या एकमेकींपासून फार लांब होत्या, आणि आपल्या पायांवर कुणाचाच भरवसा उरला नव्हता. ज्याला जमेल तो रथ घेई. रथ डोंगरापलीकडच्या कारखान्यात तयार होत. चावी भरली की ते आपोआप धावत. प्रत्येक रथासोबत पाच वर्षांचं अभयपत्र मिळे. रथात काही बिघडलं, तर राजधानीतली नेमलेली कर्मशाळा ते विनामूल्य दुरुस्त करून देईल, असं त्यात लिहिलेलं असे. मात्र बाहेरच्या कुणाचा हात रथाला लागला, तर अभय त्याच क्षणी संपे.

साळूबाई सात वस्त्यांच्या वैद्य होत्या. जातीच्या साळू, म्हणजे साळिंदर, त्यामुळे जमिनीखालची मुळं हुडकण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. अर्धं आयुष्य पायी हिंडून त्यांचे गुडघे गेले, तेव्हा त्यांनी कारखान्यातला सगळ्यांत महागडा रथ घेतला. तो घ्यायचा म्हणून त्या मोठं बीळ सोडून लहान बिळात राहायला गेल्या होत्या. रथापेक्षाही त्यांनी अभयपत्राकडे पाहून तो घेतला होता, असं म्हणायला हरकत नाही.

चार महिन्यांत डावीकडे वळताना चाकातून कट्‌ कट्‌ आवाज येऊ लागला.

कर्मशाळेचे प्रमुख धनेशराव. धनेश पक्ष्याची ती भलीमोठी चोच अशी काही रुबाबात वळे, की तिच्यासमोर आपली तक्रार सांगणाऱ्यालाच किरकोळ वाटू लागे. हाताखाली मुंगसांची फौज होती, सगळी एकाच करड्या रंगाच्या एप्रनमधली. पहिल्या वेळी एका मुंगसाने तेल घातलं. आठ दिवस बरे गेले. दुसऱ्या वेळी दुसरं मुंगूस म्हणालं, "नव्या चाकाचा स्वभावच असतो तो, रुळेल." तिसऱ्या वेळी त्यांनी उजवं चाक बदललं. चौथ्या वेळी आवाज तसाच राहिला आणि बैठकीची गादी मात्र फाटून आली. वहीत चारही वेळा एकच शेरा होता : दोष दूर केला.

पाचव्या खेपेला कर्मशाळेने पुढे केलेला सरबताचा पेला तसाच ठेवून साळूबाई उठल्या आणि सरळ मागच्या अंगणात गेल्या. तिथे एक म्हातारा खवल्या, म्हणजे खवलेमांजर, त्यांच्या रथाच्या आसाला कान लावून पडला होता.

"जरा चाक फिरवता का, बाई? हळू. आणखी हळू." त्याने डोळे मिटले. "आवाज चाकाचा नाहीच. आतली कडी आखूड बसलीये. चाकं किती बदलली तरी ती बोलतच राहणार."

त्याला अर्धा दिवस लागला. मुंगसं येताजाता त्याच्या संथपणाला हसत होती. काम संपल्यावर त्याने हात पुसले आणि म्हणाला, "पुन्हा काही झालं तर तुळाजीला बोलवा म्हणावं. तुळाजी माझं नाव."

त्या कर्मशाळेत कुणी आपणहून नाव सांगितल्याची ती पहिलीच वेळ. साळूबाईंनी त्याला वाकून धन्यवाद दिले, तेव्हा तो इतका गडबडला की त्याच्या हातातला पान्हा खाली पडला.

पाच महिने रथ पाण्यासारखा चालला. मग वर्षाची तपासणी आली. ती अभयपत्रातली अटच होती. मुंगसांनी रथ सगळा खोलला, पुन्हा जोडला, आणि घरी येताना पहिल्याच वळणावर कट्‌ कट्‌.

"मला तुळाजीच हवेत," साळूबाई म्हणाल्या.

धनेशराव हसले. "बाई, आमच्याकडे नावं नसतात, पद्धत असते. इथले सगळे हात सारखेच."

त्यानंतर तीन खेपा झाल्या. तिन्ही वेळा हात निराळे, निदान निराळं. तिसऱ्या खेपेनंतर साळूबाई एका म्हाताऱ्या कासवाला औषधपाण्यासाठी घरी आणत होत्या. उतारावर डावं चाक अडकलं, रथ गर्रकन फिरला आणि कासव बाहेर फेकलं गेलं ते पाठीवर. दुपारच्या उन्हात त्याचे चारही पाय हवेत हलत होते. साळूबाईंच्या एकटीच्याने ते सुलटं होईना. वाटेने दोन रेडे येईपर्यंत त्या आपली सावली त्याच्या तोंडावर पडेल अशा उभ्या राहिल्या. कासव वाचलं, पण त्याच्या पाठीला तडा गेला.

दुसऱ्याच दिवशी त्या कारखान्याच्या तक्रार कचेरीत गेल्या. तिथे एक बगळा कारकून होता. त्याने पुढे केलेल्या अर्जात बाकी सगळे रकाने त्यांनी भरले. एक राहिला : ज्याच्या हातून काम झाले त्याचे नाव.

"हे मला माहीत नाही," साळूबाई म्हणाल्या. "तिथे कुणी नाव सांगत नाही. चांगलं काम केलं त्या एकाचंच तेवढं ठाऊक आहे."

"कोरा रकाना असला तर अर्ज पुढे जात नाही, बाई."

"मग मी सविस्तर लिहिते, कुणी बिघडवलं, कुणी नीट केलं..."

"जागा एका नावाचीच आहे." बगळ्याने मान लांब करून त्यांच्यामागची रांग पाहिली. "आणि पलीकडे वाचतंय कोण? रकाने भरलेत का, तेवढं बघतात."

साळूबाईंनी लेखणी उचलली. चौकशीत तुळाजीला बोलावतील, तो खरं काय ते सांगेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. चौकशी होणार नाही, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. मागे रांग होती. कासवाचे हवेत हलणारे पाय अजून डोळ्यांपुढे होते. त्यांनी नाव लिहिलं.

आठवड्याच्या आत धनेशराव स्वतः दारात आले. बरोबर सहा मुंगसं, नवी चाकं, नवा आस, नवी गादी. रथाला घालायला हारही आणला होता.

"दोषी हात काढून टाकला, बाई," धनेशराव म्हणाले. "म्हातारा बरेच दिवस डोईजड झालाच होता. तुमच्यामुळे सोपं झालं. आता काही तक्रार नाही ना?"

साळूबाईंनी तोंड उघडलं. अंगणात रथ सगळा सुटा होऊन पडला होता. खरं बोलल्या असत्या, तर अर्ज खोटा ठरला असता आणि मुंगसं रथ तसाच टाकून निघून गेली असती. पलीकडच्या वस्तीत तापाचे तीन रोगी वाट पाहत होते. ते तीन रोगी त्यांनी त्या क्षणी मुद्दाम आठवले.

"नाही," त्या म्हणाल्या, आणि समाधानपत्रावर पंजा उमटवला.

रथ आता अजिबात वाजत नव्हता. ती शांतताच साळूबाईंना सोसेना. जवळच्या वस्त्यांना त्या दुखऱ्या गुडघ्यांनी पायी जाऊ लागल्या. "रथ बिघडला का, बाई?" असं लोक विचारत, आणि त्या लगेच रोग्याची नाडी हातात घेत. दीड महिन्यानंतर एका वळणावर पुन्हा कट्‌ कट्‌ ऐकू आलं, तेव्हा त्यांना चक्क बरं वाटलं. त्यांनी रथ वळवला तो कर्मशाळेकडे नाही. त्या विचारत विचारत तुळाजीला शोधत निघाल्या.

तो राज्याच्या पार टोकाला, एका वडाखाली सापडला. ओझ्याच्या गाड्यांची लांबच लांब रांग त्याच्यासमोर लागली होती. बोकड, गाढवं, रानडुकरं आपापल्या मोडक्या गाड्या घेऊन उभी होती. पाठ साळूबाईंकडे असूनही चाकाचा आवाज ऐकून तुळाजी ओरडला, "डावं चाक! साळूबाई आल्या!"

त्याने त्यांना बसायला पोतं अंथरलं. "कुणीतरी माझं नाव लिहून दिलं म्हणे," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, फक्त कोडं होतं. "मी धनेशरावांना म्हटलं, साळूबाईंना विचारा. माझं काम कसं असतं ते त्या सांगतील. विचारलं का त्यांनी तुम्हाला?"

साळूबाई पोत्यावर बसल्या नाहीत.

"तुळाजी," त्या म्हणाल्या, "नाव मी लिहिलं."

"का?"

"दुसरं कुणाचं मला माहीत नव्हतं."

तुळाजीने हातातला पान्हा सावकाश खाली ठेवला. मग खवल्यांची जात करते तसं त्याने डोकं पोटाशी घेतलं, हातपाय आत ओढले, शेपूट वरून गुंडाळली. खवले खटाखट मिटत गेले.

रांगेतला पहिला बोकड पुढे आला. "मघाशी तर हसतखेळत बोलत होता. काय म्हणालात हो त्याला?"

साळूबाई तुळाजीच्या शेजारी धुळीत बसल्या. पाठीवरचे काटे अंगाशी चापून त्या बसून राहिल्या. गाड्या उतरणीपर्यंत खोळंबल्या होत्या, मागून आणखी येत होत्या, आणि सगळे जण माना उंचावून वडाखाली बघत होते. तिथे रस्त्याच्या कडेला तुळाजी, कर्मशाळेने काढून टाकलेला तो हात, मूठ मिटावी तसा पडला होता.